लेटन्सी, हम, डिस्टॉर्शन: घरी गिटार रेकॉर्ड करताना मराठीत काय म्हणता?

तारेवरची कसरत

माझा मावसभाऊ बार्शीला असतो. त्यानं इलेक्ट्रिक गिटार घेतली, म्हणून दिवाळीत मी त्याला ऑडिओ इंटरफेस दिला, म्हणजे गिटार लॅपटॉपला जोडायची डबी. तेव्हापासून रोज रात्री जेवणं झाली की फोन. त्याला इंग्रजी मेनूचा अर्थ लागत नाही, आणि मला अर्थ माहीत असून मराठीत सांगताना जीभ अडते. परवा म्हणाला, "दादा, मी तार आत्ता छेडतो आणि हेडफोनमध्ये आवाज मागनं येतो." मी म्हटलं, ती लेटन्सी. "म्हंजे?" आता काय सांगणार? मोबाइलच्या भाषांतरात बघितलं तर 'सुप्तता'. गिटार झोपलीय का त्याची?

'हम'चं, म्हणजे स्पीकरमधून सलग येणाऱ्या जाड गुणगुणीचं, तर विचारूच नका. "हम येतोय" म्हटल्यावर म्हणतो, "कोण येतंय?"

तुम्ही काय शब्द वापरता?

शब्दवेडी

'विलंब' सुचवणारे येतील, त्याआधीच हात वर करते: संगीतात तरी तो नको. विलंबित ख्यालातला विलंब गायकानं ठरवून घेतलेला असतो, तो लयीत असतो. तुमच्या भावाचा आवाज लयीत नाही, लयीच्या मागून फरफटत येतोय. 'दिरंगाई' हा कचेरीतला शब्द, फायलींना राहू द्या.

खरं तर शब्द त्यानंच दिला आहे, 'मागनं येतो'. मराठी अशा ठिकाणी नामापेक्षा क्रियापदानं बोलते. अडचण एवढीच की "किती लेटन्सी आहे?" असं विचारायला नाम लागतं.

मंडपातला साउंडवाला

नाम नंतर शोधा, आधी ते होतं कशामुळे ते भावाला सांगा. ढोल-ताशाचं पथक बघितलंय ना? पुढच्या रांगेत उभं राहिलं की तीस मीटर मागच्या रांगेचा ठोका उशिरा ऐकू येतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे जेमतेम तीन मिलिसेकंद. तीस मीटरला जवळजवळ नव्वद. तिथं हवेमुळे उशीर होतो, लॅपटॉपमध्ये बफरमुळे.

बफर म्हणजे घमेलं. स्लॅबच्या कामावर कोणी एकेक मूठ काँक्रीट वर नेत नाही, घमेलं भरलं की पुढच्याच्या हातात. कॉम्प्युटरही तसाच. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घ्यायचे आणि घमेलं १०२४ नमुन्यांचं असेल, तर ते भरायलाच २१ मिलिसेकंद लागतात. आत येताना एकदा, बाहेर पडताना एकदा, झाले ४२-४३. म्हणजे अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी) चौदा-पंधरा मीटर लांब ठेवून वाजवल्यासारखं. त्याला म्हणावं घमेलं १२८ चं कर, एका खेपेला तीन मिलिसेकंदसुद्धा लागणार नाहीत. पण लहान घमेलं म्हणजे गड्याची धावपळ जास्त. गडी दमला की घमेलं सांडतं. मध्येच कडकड, टकटक ऐकू येते ना, ते सांडलेलं काँक्रीट. मग २५६ वर ये.

विंडोज असेल तर त्या डबीच्या कंपनीचा आसिओ ड्रायव्हर, म्हणजे डबीशी थेट बोलणारं सॉफ्टवेअर, टाकायला सांगा. विंडोजच्या नेहमीच्या वाटेनं गेला तर घमेलं कितीही लहान करा, मध्ये आणखी दोन मुकादम उभे असतात.

तारेवरची कसरत

काका, घमेलं फोनवर वाचून दाखवलं. पठ्ठ्या स्लॅबच्या कामावर जाऊन आलेला आहे, एका झटक्यात समजलं.

मला शब्द सुचतोय 'फट'. तार छेडणं आणि ऐकू येणं यांच्यातली फट. "किती फट आहे?" "सहा मिलिसेकंदांची." दाराची असते तशी. कमी करता येते, पण पूर्ण बुजत नाही. लेटन्सीचंही तसंच आहे.

शब्दवेडी

चालेल. दोन अक्षरी आहे, घरातला आहे. फक्त फट् म्हणता ब्रह्महत्या व्हायला नको.

सोलापुरी चादर

हमसाठी आमच्याकडे 'घूं'. "स्पीकर घूं करायलाय." कोशात असेल नसेल, पण ऐकलं की कळतं.

मंडपातला साउंडवाला

घूं बरोबर. पण सगळ्याला घूं म्हणू नका, आजार कळणार नाही. धंद्यात आम्ही आवाजावरून रोग ओळखतो. घूं म्हणजे लायटीची, जाड आणि सलग, अर्थिंगचं बघा. भुणभुण म्हणजे बारीक, माशी अडकल्यासारखी: पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डिमर, लॅपटॉपचा चार्जर. सूं म्हणजे गेन, आत येणारा आवाज वाढवायचं बटण, फार वर नेलाय. खरखर म्हणजे जॅक नाहीतर केबल, हलवून बघा. आणि शिट्टी मारायला लागला तर फीडबॅक, स्पीकरकडनं गिटारचं तोंड फिरवा. इंग्रजीत सगळं मिळून 'नॉइज'. मराठीत 'आवाज येतोय' म्हटलं की तेवढंच ढोबळ होतं. आपल्याकडे गळ्याचा, गिटारचा, बिघाडाचा आणि बटणाचा, चारही आवाजच.

एक कान बहिरा

गंमत सांगतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, अमेरिकेत ६०. पाश्चात्त्य स्वरांत ४९ हर्ट्‌झ म्हणजे खालचा जी. त्यामुळे आपली घूं जवळजवळ जी मध्ये असते, किंचित चढी. हमचा वरचा १०० हर्ट्‌झही तिथंच, वरच्या जी च्या शेजारी. अमेरिकन घूं मात्र बी फ्लॅट आणि बी या शेजारच्या स्वरांच्या मधल्या फटीत पडते (फट इथंही!). मी जी मध्ये गाणं वाजवतो तेव्हा महावितरण फुकटात तानपुरा धरतं.

ही घूं पकडतो तो पिकअप. लोहचुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारच्या तारांची थरथर तो पकडतो, तशीच भिंतीतल्या वायरिंगचीही. उपाय म्हणून गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी उलटसुलट जोडली, म्हणजे दोन्हीकडची घूं एकमेकींना खाते. पेटंटचा अर्ज १९५५ चा. नाव हमबकर, हमला अडवणारा. मराठीत 'घूंमार' म्हणा हवं तर.

भावाचा पिकअप एका वेटोळ्याचा असेल तर खुर्चीसकट गोल फिरून बघायला सांगा. एका दिशेला घूं एकदम कमी होते. तिथंच बसून वाजवायचं, तोंड भिंतीकडे आलं तरी.

मिरजकर

डिस्टॉर्शनबद्दल कोणी बोललंच नाही. आपल्याकडे स्पीकरचा आवाज 'फाटतो'. शब्द चांगला आहे, पण त्यात तक्रार आहे. गिटारवाले फाटलेला आवाज पैसे देऊन विकत घेतात, त्याचं काय?

एक कान बहिरा

फाटणं हाच शब्द ठेवा, इतिहासानंही बरोबर आहे. १९६४ च्या सुमारास किंक्स या इंग्लिश बँडच्या डेव्ह डेव्हिसनं आपल्या छोट्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडनं चिरला होता. तो चरचरीत आवाज त्याला हवा होता म्हणून. आवाज फाटला तो स्पीकर फाटल्यामुळेच.

मिरजकर

मग 'जवारी' का नको? आमच्या गावात सतार-तानपुऱ्याची घोडी घासून जवारी काढणारे कारागीर आहेत. तार घोडीवर निसटती टेकते, झणकार उठतो, मूळ स्वरावर वरचे स्वर उमलतात. खुली जवारी, बंद जवारी असे प्रकार आहेत. मुद्दाम आणलेल्या झणझणीला शब्द आपल्याकडे आधीपासून आहे.

शब्दवेडी

मिरजकर, कल्पना मोहात पाडणारी आहे, पण मी देणार नाही. जवारीत तार आणि घोडी यांची गाठ पडते, कारागिराच्या बोटांनी. अ‍ॅम्पच्या डिस्टॉर्शनमध्ये आवाजाच्या लाटेचं डोकं दाबलं जातं. वरचे स्वर दोन्हीकडे वाढतात हे खरं, पण म्हणून जिवंत धंद्यातला नेमका शब्द उचलून दुसरीकडे लावला तर तुमच्याच गावात गोंधळ होईल.

मला इथं दोन क्रियापदं वेगळी ठेवाविशी वाटतात. अ‍ॅम्पचा आवाज 'फाटतो', कडा विसकटत जातात, ते कानाला गोड लागू शकतं. कॉम्प्युटरमध्ये आवाजाच्या मीटरवर शून्य डीबीच्या (डेसिबलच्या) वर जागाच नाही. तिथं आवाज फाटत नाही, 'छाटला' जातो. कुंपणाची मेंदी कापतात तसा, सपाट. फाटलेलं हवंसं असेल, छाटलेलं कोणालाच नको असतं.

मंडपातला साउंडवाला

पटलं. त्याला सांगा, जोरात वाजवूनही मीटर उणे दहा-बाराच्या वर जाऊ देऊ नको. आणि गिटार डबीवरच्या इन्स्ट्रुमेंटच्या भोकात लाव, लाइनच्या नको, नाहीतर बद्द वाजेल. खोटं नाणं कसं बद्द वाजतं, तसं. पिकअप नाजूक असतो, समोरून साधारण दहा लाख ओहमचा दरवाजा लागतो. लाइनचा असतो दहा हजारांच्या आसपास, तिथं वरचे स्वर गळून जातात.

सोलापुरी चादर

इफेक्ट न लावलेल्या आवाजाला काय म्हणायचं? 'ड्राय'. 'सुका' म्हटलं की बोंबील आठवतो.

तारेवरची कसरत

आमच्या फोनवर 'कोरा' चालू झालाय. कोरा चहा, कोरा कागद, कोरी गिटार. "आधी कोरी घे, रंग नंतर लाव." त्याला दोन रात्री उगाच फाटका आवाज लावून रेकॉर्ड केल्याचा पश्चात्ताप झाला, कारण तो आवाज आता काढता येत नाही. कोरी ठेवली असती तर हवा तो अ‍ॅम्प नंतर सॉफ्टवेअरमध्ये लावता आला असता.

आत्ताच त्याचा मेसेज आला. जसाच्या तसा देतो:

"दादा घमेलं १२८ केलं. फट मिटल्यागत वाटती. घूं गेली फिरून बसल्यावर. पण भुणभुण हाय अजून."

मंडपातला साउंडवाला

चार्जर काढ म्हणावं.