काउंटी तुरुंगातील खात्यात भरलेले पैसे कुठे जातात?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ अमेरिकेतील एका काउंटी (म्हणजे जिल्हा) तुरुंगात आहे. त्याच्या खात्यात पैसे भरूनही साबण आणि टूथपेस्ट घेण्याइतकी शिल्लक राहिली नाही, असे तो सांगतो. हे कसे?

उत्तर १: अनेक तुरुंगांत जमा रकमेतून आधी वैद्यकीय तपासणीचे किंवा तुरुंगात दाखल करून घेण्याचे शुल्क वळते केले जाते आणि उरलेल्या पैशांतूनच कमिसरीतली (तुरुंगातल्या दुकानातली), बहुधा आठवड्यातून एकदा नोंदवता येणारी, खरेदी करता येते. खात्याचा तपशील त्याला लेखी मागायला सांगा.

उत्तर २: फोनचे खाते पुष्कळदा वेगळे असते, तेही तपासा. किऑस्कवर (पैसे भरण्याच्या यंत्रावर) किंवा ऑनलाइन पैसे भरताना सहसा सेवाशुल्क लागते. मनीऑर्डर स्वीकारत असतील तर तिच्यावर भावाचे पूर्ण नाव आणि बुकिंग क्रमांक (तुरुंगात दाखल करताना कैद्याला दिलेला क्रमांक) बिनचूक लिहा.

उत्तर ३: सुटकेच्या वेळी शिल्लक रक्कम काही ठिकाणी शुल्क कापणाऱ्या प्रीपेड कार्डावर देतात, हा मला उघड अन्याय वाटतो, धनादेश मिळेल का, हे आधीच विचारा.