मासळीचं अ‍ॅप, जाहिरातीचा खर्च आणि गुंतवणूकदारांचा धीर

म्हापसेकर:
पणजीतल्या एका छोट्या कंपनीत मार्केटिंग बघतो, नाव देत नाही. मोबाईलवर मासळी मागवायची, घरपोच मिळते. अडीच वर्षं झाली आणि गुंतवणूकदारांचा धीर सुटत चाललाय, दर महिन्याला एकच प्रश्न, नवीन कस्टमर किती? इन्स्टावर जाहिरात करतो, पहिल्या ऑर्डरवर १५० रुपये सूट देतो, माणूस येतो, सूट घेतो आणि परत फिरकत नाही. त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, ६१ दिवस ट्रॉलर धक्क्याला, मग धंदा खाली जाणारच ना, पण बंगळूरला बसलेल्या माणसाला हे पटवायचं कसं? माझं मत आहे की त्यांनी अजून दोन वर्षं तरी थांबावं. अ‍ॅमेझॉन १९९७ ला शेअर बाजारात आली, पूर्ण वर्षाचा पहिला नफा झाला २००३ ला.

अंत्रुजकर:
अजिबात पटलं नाही. पेट्स डॉट कॉम, ते पाळीव प्राण्यांचं सामान विकणारं अमेरिकन ऑनलाइन दुकान, ते पण बघा की, फेब्रुवारी २००० ला शेअर विकले आणि नोव्हेंबरला गाशा गुंडाळला. त्यांची जाहिरात अख्ख्या अमेरिकेला माहीत होती, पण कुत्र्यामांजरांच्या खाण्याच्या जड पिशव्या खरेदीपेक्षा कमी भावात घरपोच द्यायचे, मग विक्री वाढली की तोटाही वाढणार. तुमचंही तेच चाललंय. २०११ च्या जनगणनेत आख्खा गोवा साडेचौदा लाखांचा, १५० रुपये वाटत किती घरं फिरणार?

डिचोलीची सून:
मी गिऱ्हाईक म्हणून बोलते. सासूबाईंना असंच एका अ‍ॅपवरून बांगडे मागवून दिले. त्यांनी पिशवी उघडून आधी कल्ला वर केला, आतून तपकिरी, डोळे खोल गेलेले. एक शब्द न बोलता पिशवी माझ्या हातात दिली, फोन केला तर फोटो पाठवा म्हणाले आणि मिळालं काय तर पुढच्या ऑर्डरचं कूपन. आमच्या दारावर येणारी नुस्तेकान्न, म्हणजे मासेवाली, माल खराब लागला तर दुसऱ्या दिवशी न मागता दोन बांगडे जास्त घालते. तिला कुठली जाहिरात लागते सांगा?

पर्वरीकर:
अशा दोन कंपन्यांत माझे स्वतःचे थोडे पैसे आहेत म्हणून सांगतो. गुंतवणूकदारांच्या फंडाचं आयुष्य साधारण दहा वर्षं असतं, आणि ते पैसेही दुसऱ्या कोणाचे तरी, थांबा थांबा म्हणून थांबता येत नाही हो. झिरोधा ही शेअर दलालीची कंपनी २०१० पासून बाहेरच्या पैशाशिवाय चालली, तसं जमत असेल तर उत्तम. बंदीचे दोन महिने पैसे घेतानाच कागदावर मांडायला हवे होते. आणि नवीन किती हा प्रश्न ते विचारतात कारण तुम्ही तोच आकडा दाखवता, दुसऱ्यांदा आणि पाचव्यांदा मागवणारे किती हे दाखवून बघा.

म्हापसेकर:
बंदीचं मान्य, ते आम्ही आधी बोललोच नाही. पण दादा, सूट बंद केली की पुढच्याच महिन्यात ऑर्डरी निम्म्यावर येतील आणि पगार थांबतील, आमच्याकडे सहा डिलिव्हरीची मुलं आहेत, त्यांना काय सांगू?

अंत्रुजकर:
पगार सूट देऊनच चालत असेल तर तो आज ना उद्या थांबणारच आहे.

डिचोलीची सून:
एका तालुक्यातच सुरू ठेवा की. मुलाने दारात पिशवी उघडून कल्ला दाखवायचा, नको वाटलं तर तिथल्या तिथे परत. त्या १५० रुपयांत हे नक्की बसेल.

म्हापसेकर:
आमच्या बार्देश तालुक्यापुरतं करून बघता येईल. १ ऑगस्टला ट्रॉलर सुटायच्या आधी मीटिंग आहे, तिथे मांडतो. पण सहा महिने तरी मागणारच, त्याहून कमी वेळात दारावरची सवय लागत नाही.