गाण्यावर जीव जडेल अशी पुस्तकं सांगा ना

धरमपेठकर:
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात मित्राने ओढत नागपुरात सिव्हिल लाईन्सच्या देशपांडे सभागृहात नेलं, शास्त्रीय गाणं आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण बसून ऐकलं. गाणाऱ्या बाईंनी मारवा राग गायला, मला कळलं काहीच नाही पण घरी आल्यावर झोप येईना, तेव्हापासून रोज रात्री यूट्यूबवर मारवाच ऐकून राहिलो. आता वाचावंसं वाटते. थाट, वादी-संवादी असं परीक्षेचं नको, ज्याचा गाण्यावर जीव आहे त्याने लिहिलेलं पाहिजे. शक्यतो मराठी.

बर्डीवाली:
मारव्यात पंचम, म्हणजे प, नाही आणि गाणारा सा वर लवकर टेकतच नाही, म्हणून ती हुरहूर लागते रे. आणि रात्री नको, दिवस मावळताना ऐकून पाह्य. पुस्तक म्हणशील तर अच्युत गोडबोले, सुलभा पिशवीकरांचं ‘नादवेध’. एकेका रागावर लिहिलंय, त्यातली सिनेमाची गाणी, नाट्यपदं सांगितली आहेत. मी एक राग वाचायची नि आठवडाभर तीच गाणी लावायची, स्वयंपाक करता करता कान तयार झाला.

पेटीवाला:
ताई म्हणतात ते बरोबर, पण जीव म्हणाल तर गोविंदराव टेंबे. ‘माझा संगीत व्यासंग’. १९११ च्या मानापमान नाटकाच्या चाली यांच्याच, आणि गायक भास्करबुवा बखल्यांच्या साथीला पेटी घेऊन बसलेला माणूस, म्हणजे जवळून ऐकलेलं लिहिलंय. भाषा जुनी आहे, पहिली वीस पानं जड जातील, सोडू नका. त्यानंतर वामनराव देशपांड्यांचं ‘घरंदाज गायकी’. गाण्याच्या घराण्यांपैकी किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला, जयपूर दोन्हीचा तोल सांभाळणारं, असं ते मांडतात. मला आग्र्याचं गाणं कोरडं वाटायचं, हे वाचल्यावर लयीकडे कान गेला आणि आता तेच जास्त ऐकतो. मतं सगळी पटत नाहीत, तरी वाचाच.

अजनीचा:
इंग्रजी चालत असेल तर नमिता देवीदयालचं ‘द म्यूझिक रूम’. दहा वर्षांच्या पोरीला आई मुंबईत केनेडी ब्रिजजवळ धोंडूताई कुलकर्णींकडे गाणं शिकायला नेते, तिथून धोंडूताईंच्या गुरू केसरबाई, केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँ यांच्यापर्यंत सगळं उलगडत जाते. दोन रात्रीत संपवलं मी. आणि भाऊ, ज्यांच्या नावाचं ते सभागृह ते गायक वसंतराव देशपांडे आपल्या मूर्तिजापूरचे, नागपुरातच शंकरराव सप्रेंकडे शिकले. त्यांचा मारवा ऐकला का?

धरमपेठकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. टेंबे लायब्ररीत मिळालं, बाराव्या पानावर आहे, सोडणार नाही. वसंतरावांचा मारवा काल संध्याकाळी फुटाळा तलावावर बसून ऐकला. बर्डीवाली ताई, सूर्य पार बुडाला तरी मी सा ची वाट पाहत बसलो होतो.