कुत्र्यांना टोचायचं की पोरांना? गोव्यातल्या रेबीजवर चर्चा

डिचोलीकर:
शेजारचा सात वर्षांचा पोर सोमवारी संध्याकाळी मोजा काढायलाच तयार होईना. आईनं धरून काढला तर पोटरीवर दातांच्या दोन खुणा, त्याही शनिवारच्या. ओरडा बसेल म्हणून बोलला नव्हता. वर आजीनं कधीतरी सांगून ठेवलेलं, कुत्रा चावला की बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं! (मेंढीच्या मेंदूपासून बनवायची ती जुनी लस देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आजीच्या धाकातून काही गेली नाही.) आता दंडात लस सुरू झालीय, पोर खेळतोय. पण मोजा काढलाच नसता तर?

यावरून वाड्यावर वाद पेटलाय. काहींचं म्हणणं, गोव्यातला रेबीज संपला, आता कुत्र्यांना टोचत बसण्यापेक्षा ते पैसे पोरांच्या लशीवर घाला. मला हे मुळीच पटत नाही. इस्पितळातली लस बोलणाऱ्या पोराला मिळते. गप्प राहणाऱ्याला वाचवते ती कुत्र्याला दिलेली. इथे २०१३ पासून जाळीवाली पथकं वाड्यावाड्यांवर फिरून कुत्र्यांना टोचतात आणि रंगाची खूण करून सोडतात. त्या कामावरचा अभ्यास २०२२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला. त्यात कुत्र्यांमधल्या रेबीजच्या मासिक केसेस ९२ टक्क्यांनी घटल्याचं दिलंय. २०२१ मध्ये राज्य ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ जाहीर झालं, तेव्हा आधीच्या तीन वर्षांत माणसाचा एकही रुग्ण सापडला नव्हता.

म्हापशेकर:
आकडे पाठ आहेत आमचे. माझ्या पुतणीच्या गालाला सहा टाके पडले, शिकवणीवरून घरी येताना. कुत्र्याला लस दिलेली होती म्हणे. मग काय, त्याला हार घालू? लशीनं रेबीज थांबतो, चावणं नाही. ती पोर अजून रस्ता बदलून जाते. आरोग्य म्हणजे फक्त मेला की जगला एवढंच का? नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही शाळा, इस्पितळं, बसस्टँड यांच्या आवारातली कुत्री उचला, परत तिथे सोडू नका, असं सांगितलं. कुणाला तरी पोरांचं पडलंय!

डिचोलीकर:
भाऊ, पुतणीचं वाचून वाईट वाटलं. पण शाळेच्या आवारातलं कुत्रं उचललं तरी फाटकाबाहेर, वाटेवर, वाड्यावर दुसरं आहेच. ते लस दिलेलं असावं की नसावं, एवढाच माझा प्रश्न.

एक बाप, फोंडा:
दोघांचंही अर्धवट. पोरांनाच आधी लस का नाही देत? चावण्याआधी दोन डोस, पहिल्या दिवशी आणि सातव्या दिवशी, जागतिक आरोग्य संघटनेनंच सांगितलेली पद्धत आहे ही. शाळेत रांग लावा, दोन आठवड्यांत काम फत्ते. संघटनेच्याच म्हणण्याप्रमाणे संशयित पिसाळलेलं जनावर चावलेल्यांत १५ वर्षांखालची पोरं सुमारे ४० टक्के. मग आधी कुणाला टोचायचं, याचं उत्तर यातच आलं.

निवृत्त नर्सबाई:
फोंड्याच्या बाबांना सांगते, ते डोस घेतलेल्या पोरालाही चावल्यावर पुन्हा दोन घ्यावे लागतात. फायदा एवढाच, की जखमेत भरायचं सीरम, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिद्रव्यं, लागत नाही. म्हणजे पोरानं तोंड उघडायला हवंच. डिचोलीचा पोर तिथेच अडला होता ना? शिवाय संघटना हे सरसकट सगळ्यांना द्या म्हणत नाही, जिथे धोका फार आणि उपचार दूर, तिथे द्या म्हणते.

आणि मतं मांडून झाली असतील तर एक ऐका. माझ्या नोकरीत चुना, हळद, मिरचीपूड थापून आलेल्या जखमा मी इतक्या पाहिल्यात की आता रागसुद्धा येत नाही. नळाखाली धरा, साबणानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. पोर रडतं, आई दोन मिनिटांत नळ बंद करते. रक्त आलं असेल तर लशीबरोबर सीरमही लागतं, कारण लशीचा परिणाम व्हायला दिवस जातात. सीरम जखमेच्या आतच भरायचं असतं. खूप दुखतं. पोराला खोटं सांगू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो पोटरी दाखवणार नाही.

म्हापशेकर:
बाई, तुमचं ऐकतो. पण सीरमसाठी आम्हाला एका ठिकाणाहून ‘संपलंय’ म्हणून दुसरीकडे धाडलं होतं, पोर कडेवर, गालाला रुमाल. कुत्र्यांच्या मोहिमेचे फोटो छापून येतात, सीरमच्या रिकाम्या फ्रीजचा कोण काढतो?

डिचोलीकर:
हे मात्र खरं. त्यावर वाद नाही. पण मोहीम थांबवली म्हणून फ्रीज भरेल, असं तुम्हाला वाटतं?

म्हापशेकर:
नाही वाटत. तरी राग जात नाही.

सत्तरीची सून:
मधेच बोलते. साधारण ७० टक्के कुत्री लसवंत असली तर रोग पसरत नाही म्हणतात. पण दरवर्षी नवी पिल्लं येतात, ती या हिशोबात कधी धरायची? आमच्या मांडवाखाली कुत्रीला पाच झालीत. तिच्या डोक्यावर रंग दिसत नाही. माझी धाकटी रोज त्यांना दूध घालते, बोटं चाटून घेते. यंदा तुमच्याकडे जाळीवाले येऊन गेले का?