घुमट वाजवून मन बरं होतं का?

कवळेचा घुमटवाला
भाची सोळा वर्षांची. मूडच्या आजारावर दोन वर्षं औषधं चालू आहेत. मध्यंतरी स्वतःला इजा करून घ्यायची. भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा ड्रेस, आणि आम्ही शहाणे ‘उकडत नाही गं?’ एवढंच विचारत होतो. गेल्या श्रावणात चवथीच्या आरत्यांचा सराव सुरू झाला, तेव्हा शेजारी येऊन बसली. घुमट म्हणजे चामडं ताणलेलं मातीचं मडकं; त्याचं लहान तोंड डाव्या पंजानं झाकायचं-उघडायचं, उजव्यानं चामड्यावर थाप. चार दिवस नुसता भद्द आवाज. पाचव्या दिवशी घुमला, आणि ती हसली. समुपदेशकापुढे तासभर मान खाली घालणारी पोर आता साथीला शामेळ हे तालवाद्य वाजवणाऱ्याला सुनावते, ‘काका, लय पळते तुमची.’
२०१९ मध्ये घुमटाला गोवा राज्याचं वारसा वाद्य केलं ना? मग तालुक्यांच्या इस्पितळांत संगीतोपचारक नेमा की.

वॉर्डातली सिस्टर
बाब, पोर हसली, बरं वाटलं. पण आरतीच्या सरावाला उपचार म्हणू नका. संगीतोपचार प्रशिक्षित माणूस करतो, ध्येय ठरवून, डॉक्टरांशी बोलून. बेलफास्टला ८ ते १६ वयाच्या २५१ मुलांवर चाचणी झाली, २०१७ मध्ये निष्कर्ष छापले. निम्म्या मुलांना नेहमीच्या उपचारांसोबत बारा आठवडे, आठवड्यातून एकदा, सुचेल तसं गायला-वाजवायला दिलं. शेवटी त्यांचं नैराश्य कमी दिसलं, स्वतःबद्दलचं मत सुधारलं. आणखी तीन महिन्यांनी मोजलं, तर फरक उरला नव्हता. इजा करून घेणाऱ्या किशोरांसाठी डीबीटीचा, म्हणजे तीव्र भावना सांभाळायला शिकवणाऱ्या मानसोपचाराचा, पुरावा याहून भक्कम आहे. पद असेल तर आधी त्याचं भरा.

कवळेचा घुमटवाला
बारा आठवड्यांनी बंद केलं म्हणून गेला फरक! प्रेशरची गोळी बंद करून तीन महिन्यांनी प्रेशर मोजता का तुम्ही?

वॉर्डातली सिस्टर
हा तुमचा तर्क. असेलही खरा, पण त्या चाचणीनं तो तपासला नाही.

डिचोलीची आई
मी तिसरंच सांगते. माझ्या मुलाला संगीतानंच पिळला. आठव्या वर्षापासून परीक्षा, स्पर्धा. एकदा शिक्षकांनी भरल्या वर्गात ‘कान नाही तुला’ म्हणून उठवला. त्यानंतर पेटीवरचं कापड कधी निघालं नाही. पुढे आजार कळला, तेव्हा रात्री तीनपर्यंत हेडफोन लावून तेच एक रडकं गाणं, पुन्हा पुन्हा. तेही संगीतच ना? तुमच्या भाचीला चूक करू दिली, कोणी हसलं नाही, म्हणून ती बसली. तिथं कॅरमचा बोर्ड असता तरी बसली असती.

कवळेचा घुमटवाला
कॅरममध्ये समोरच्याला हरवावं लागतं, ताई. आरतीत तिची थाप चुकली तर आम्ही सगळे सांभाळून घेतो. (घरी एवढं जमत नाही, ते सोडा.)

वॉर्डातली सिस्टर
हा मुद्दा पटला. कॉक्रेन ही संस्था झालेले अभ्यास एकत्र तपासते; तिच्या २०१७ च्याच आढाव्यात ९ अभ्यास, ४२१ माणसं. नैराश्यावर नेहमीच्या उपचारांना संगीतोपचार जोडला तर थोड्या काळापुरता फायदा दिसतो. जोडला तर. ‘वाजवते ना आता’ म्हणून गोळ्या थांबवणारे पालक मी पाहिलेत, म्हणून एवढी भांडते. रात्री-अपरात्री पोर अस्वस्थ दिसलं तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास.

कवळेचा घुमटवाला
गोळ्या चालू आहेत, सिस्टर. डबी माझ्याच कपाटात असते. डिचोलीच्या ताई, यंदा मुलाला घेऊन या सरावाला.

डिचोलीची आई
नको. विचारलंत, बरं वाटलं. पण तो स्वतःहून पेटीवरचं कापड काढील तेव्हा बघू.