‘भाकरी’ हे उत्तर आले, पण ते का आले? गूढ शब्दकोड्यातील एका सूत्राची फोड हवी आहे

प्रश्न : गिरणाकाठ (चाळीसगाव)

आमच्या वाचनालयाच्या फलकावर दर महिन्याला एक गूढ शब्दकोडे लावले जाते. या वेळच्या आडव्या शब्दांत पुढील शोधसूत्र आहे :

‘जड पोटात कळण्याचा आरंभ, भरितासोबत हवीच (३)’

उभ्या शब्दांमुळे पहिल्या घरात ‘भा’ आणि तिसऱ्या घरात ‘री’ ही अक्षरे आधीच आली होती, त्यामुळे उत्तर ‘भाकरी’ आहे याबद्दल शंका राहिली नाही. शिवाय भरीत आणि कळण्याची भाकरी ही जोडी आपल्या खान्देशात कोणाला सांगावी लागत नाही. परंतु मग ‘जड पोटात’ आणि ‘आरंभ’ हे शब्द तेथे कशासाठी आले आहेत? भाकरी पचायला जड असते म्हणून ते घातले असावेत, असे वाचनालयातील काही जण म्हणतात, पण मला ते पटत नाही. उत्तर चौकटीत बसले तरी सूत्रातील शब्द शिल्लक राहत असतील, तर कोडे सुटले असे मी मानू शकत नाही. जाणकारांनी कृपया उलगडा करावा.

उत्तर : कूटवाचक (जळगाव)

ताई, आपण शंका घेतलीत ते योग्यच केलेत. गूढ सूत्राचे साधारणपणे दोन भाग असतात. एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ दिलेला असतो आणि उरलेल्या भागात त्याच उत्तराची अक्षरे जुळवण्याची कृती सांगितलेली असते. म्हणजे एकाच उत्तराकडे दोन स्वतंत्र वाटांनी पोहोचता आले पाहिजे. आपण पहिल्या वाटेने पोहोचलात, दुसरी चालायची राहिली आहे.

येथे ‘भरितासोबत हवीच’ हा अर्थ आहे, आणि ‘हवीच’ या रूपावरून उत्तर स्त्रीलिंगी आहे हेही समजते. आता कृती पाहा. ‘जड’ म्हणजे ‘भारी’. ‘कळण्याचा आरंभ’ म्हणजे ‘कळण्याचा’ या शब्दाचे पहिले अक्षर, ‘क’. ‘पोटात’ हा शब्द ते अक्षर कोठे ठेवायचे ते सांगतो. ‘भारी’च्या पोटात ‘क’ ठेवला की भा-क-री. एकही शब्द शिल्लक उरत नाही.

रचनाकाराचे कौशल्य ‘कळण्याचा’ या शब्दात आहे. बाहेरचा वाचक त्याचा अर्थ ‘समजण्याचा’ असा घेईल. आपल्याकडचा माणूस मात्र लगेच ज्वारी-उडदाच्या पिठाकडे जाईल, भाकरीपर्यंत पोहोचेल आणि तेथेच थांबेल, तर प्रत्यक्षात तो शब्द केवळ ‘क’साठी आलेला आहे. ज्याला पदार्थ ठाऊक आहे तोच अधिक फसावा, अशी ही योजना मला फार आवडली.

हीच शिस्त इतर प्रकारांनाही लागू होते. ‘कष्ट उलटे फिरून आलेले पीक (२)’ हे मी रचलेले सूत्र घ्या. कष्ट म्हणजे ‘काम’, ते अक्षरशः उलटे वाचले की ‘मका’. ‘सविता पीठ मळते त्यात दडलेली नदी (२)’ यात काही बदलायचेच नाही, ‘सविता पीठ’ हे शब्द सलग वाचले की मध्ये ‘तापी’ दिसते. ज्या श्लोकाचे उत्तर श्लोकातच असते त्याला संस्कृतात अंतर्लापिका म्हणतात, तिच्याशी या प्रकाराचे जवळचे नाते आहे. ‘गिरणेला असते आणि नाटकालाही (२)’ हा तर आपला जुना श्लेषच आहे, उत्तर ‘पात्र’.

उत्तर : अक्षरमात्र (अमळनेर)

कूटवाचक भाऊंनी केलेली फोड अचूक आहे, तथापि मूळ सूत्र मी निर्दोष मानणार नाही. ‘भारी’च्या पोटात अक्षर ठेवायचे असेल, तर मराठीत ‘जडाच्या पोटात’ असे म्हटले पाहिजे. ‘जड पोटात’ याचा अर्थ जे पोट जड आहे त्यात, असा होतो. इंग्रजीत नामाला विभक्तीचे प्रत्यय जवळजवळ लागत नाहीत, म्हणून तेथे शब्द नुसते शेजारी ठेवून निभावते. तेथेही डी. एस. मॅकनट यांनी, जे ‘झिमेनीझ’ या टोपणनावाने कोडी रचत असत, १९६६ साली न्याय्य सूत्राचे नियम पुस्तकरूपाने मांडताना कृतीचा भाग व्याकरणाला धरून असावा असा आग्रह धरला होता. प्रत्ययांवर उभ्या असलेल्या आपल्या भाषेत तो आग्रह अधिकच कसोशीने पाळायला हवा.

दुसरा मुद्दा अक्षरांचा. आपल्या चौकटीत एका घरात एक पूर्ण अक्षर बसते, मग त्याला मात्रा असो किंवा ते जोडाक्षर असो. म्हणून ‘पात्र’ दोन घरांचे. अक्षरांची उलथापालथ करतानाही हेच एकक राहिले पाहिजे. ‘विस्कटलेले कलम चिखलात उमलते (३)’ याचे उत्तर ‘कमल’, आणि ते न्याय्य आहे. पण ‘नवरा’ विस्कटून ‘वानर’ करणारी सूत्रे मी पाहिली आहेत. ‘रा’चा काना काढून ‘व’ला लावल्याशिवाय ते साधत नाही, आणि तशी सूचना सूत्रात नसेल तर सोडवणाऱ्यावर तो उघड अन्याय आहे.

गिरणाकाठ :

दोघांचेही मनापासून आभार. आता अक्षरमात्र भाऊंच्या नियमावरूनच पुढची शंका विचारते. त्याच कोड्यात ‘रेचक तेलाच्या झाडाला ओलावा, पद्मालय याच तालुक्यात (४)’ असे सूत्र आहे. उत्तर एरंडोल, म्हणजे ‘एरंड’ आणि ‘ओल’. परंतु अक्षर अभंग ठेवायचे असेल, तर ‘ड’चा ‘डो’ कसा झाला?

कूटवाचक :

‘घाम’ आणि ‘ओळे’ मिळून ‘घामोळे’ होते, ‘एक’ आणि ‘एक’ मिळून ‘एकेक’ होते, तसाच हा प्रकार आहे. आधीच्या शब्दाचा शेवटचा स्वर लोपतो आणि पुढचा स्वर त्या व्यंजनात मिसळतो. आपल्या व्याकरणात याला पररूप संधी म्हणतात. ‘नवरा’मधील काना कोणत्याही नियमाशिवाय उचलला जातो, येथे मात्र दोन शब्द जोडताना भाषा स्वतः जे करते तेच केले आहे. म्हणून मी हे सूत्र न्याय्य मानतो. (ही फोड कोड्यापुरती आहे. गावाचे नाव असे पडले, असा तिचा अर्थ कोणी घेऊ नये.) शिवाय ‘झाडाला’ यातील ‘ला’ हा प्रत्यय जोडणी कोठे करायची ते प्रामाणिकपणे सांगतो.

अक्षरमात्र :

संधी मान्य आहे. तरीही दोन शब्द नुसते जोडायचे नसून एकमेकांत मिसळायचे आहेत, याची खूण सूत्रात असती तर बरे झाले असते. ‘रेचक तेलाच्या झाडाच्या शेवटी मुरलेला ओलावा, पद्मालय याच तालुक्यात (४)’ असे केले, तर ‘शेवटी’ने जागा आणि ‘मुरलेला’ने संधी, दोन्ही सांगून होतात. ताई, वाचनालयातील रचनाकारांना हा पर्याय अवश्य कळवा.