‘पाट्या टाकणे’च्या उलट काय?

धागाकर्ती:
एका कारखान्यासाठी मराठी फलक करून देतेय. मूळ मजकुरात दोनच गोष्टी आहेत: ‘एम्प्लॉयी एंगेजमेंट’ आणि ‘कंटिन्युअस इम्प्रूव्हमेंट’. दुसऱ्याला ‘निरंतर सुधारणा’ हा सरकारी छापाचा शब्द तयार आहे. अडलेय पहिल्यावर. ‘सहभाग’ म्हटलं तर हजेरीपटावरची सही वाटते, ‘गुंतवणूक’ म्हटलं तर म्युच्युअल फंड. नवरा म्हणाला, सरळ ‘साखरपुडा’ लिही. गंमत म्हणजे या सगळ्याच्या उलट्या बाजूला आपल्याकडे फर्मास शब्द आहे, ‘पाट्या टाकणे’. मग सुलट बाजूला का नसावा?

टूलरूमवाला:
माझ्या समजुतीप्रमाणे यातली पाटी म्हणजे मातीकामावरची टोपली. किती पाट्या टाकल्या एवढंच कोणी मोजत असेल, तर माती कुठे पडली याची फिकीर मजुराने का करावी?

मला खटकतो तो तुमचा तयार शब्द. ‘सुधारणा’ कागदावर ठीक आहे, पण माणसाला आपण ‘सुधार आता’ कधी म्हणतो? तो बिघडलेला असतो तेव्हा. मशीनसमोर ‘निरंतर सुधारणा’ टांगली की ऑपरेटरला वाटतं, हे मलाच उद्देशून आहे.

जपानी लोकही यात ठेचकाळले होते. जोडणीत चूक होऊच नये म्हणून केलेल्या सोयीला तिकडे ‘बाका-योके’ म्हणत. बाका म्हणजे मूर्ख. 1960च्या दशकात एका कारखान्यात डावे-उजवे भाग अदलाबदल होऊ नयेत म्हणून अशी सोय बसवली, तर तिथली एक कामगार बाई रडायला लागली, मी एवढी मूर्ख आहे का म्हणून. त्यावरून शिगेओ शिंगो या जपानी उत्पादनतज्ज्ञाने नाव बदलून ‘पोका-योके’ केलं. पोका म्हणजे नजरचूक. सोय तीच राहिली, दोष तेवढा माणसावरून उतरला.

वाचनमात्र:
मग ‘निरंतर सुधारणे’साठी जपानी ‘कायझेन’च ठेवा की. त्यात झेन आहे, ध्यान आहे, छान वाटतं.

टूलरूमवाला:
ध्यानाशी संबंध नाही हो, ती लिपीचिन्हंच वेगळी. काय म्हणजे बदल, झेन म्हणजे चांगलं. शब्द वाईट नाही, पण आमच्याकडे त्याचं काय झालं ते सांगतो. महिन्याला माणशी दोन कायझेन द्यायचे, असा दंडक. तीस तारखेला सगळे शीट भरायला बसायचे. ‘बिफोर’च्या चौकटीत ठेवण्यासाठी पसारा आधी मुद्दाम मांडायचा, मग फोटो. म्हणजे कायझेनच्याच पाट्या!

त्याच शॉपमध्ये खरा कायझेन मी एकच पाहिला. एक ब्रॅकेट फिक्स्चरमध्ये, म्हणजे काम करताना भाग धरून ठेवणाऱ्या चौकटीत, उलटं पण बसायचं आणि भोक चुकीच्या बाजूला पडायचं. दुसऱ्या शिफ्टच्या एका हेल्परने फिक्स्चरला छोटी पिन वेल्ड करून घेतली. उलटं बसेचना. त्याचं शीट कोणी भरलं नाही.

वाचनमात्र:
याला आपण जुगाड म्हणतो.

टूलरूमवाला:
जुगाड आजचा दिवस ढकलतो. ही पिन ड्रॉइंगवर चढली, पुढची सगळी फिक्स्चर तशीच आली. जवळचा शब्द ‘शक्कल लढवणे’. टोयोटाने 1951मध्ये कामगारांकडून सूचना घ्यायची योजना सुरू केली, तिच्या नावात ‘कुफू’ आहे, म्हणजे युक्ती, शक्कल. सुधारणा नाही! मूळ कल्पना मात्र अमेरिकेतल्या फोर्डच्या कारखान्यात पाहिलेली.

सासर_कोल्हापूर:
एंगेजमेंटला ‘जीव ओतणे’?

टूलरूमवाला:
आठ तासांच्या पगारात जीव कशाला मागता? ‘लक्ष घालणे’ पुरे. पण सुपरवायझरच्या तोंडी हा शब्द कसा येतो बघा: ‘तू यात लक्ष घालू नको, तुझं प्रॉडक्शन काढ.’ हेल्पर वर्षभर हेच ऐकतो आणि एंगेजमेंट सप्ताहात त्याला टोपी मिळते.

धागाकर्ती:
तुमच्या उत्तरातलाच एक शब्द उचलला. नामं सोडून दिली. वर मोठ्या अक्षरात ‘काय खटकतंय?’ आणि खाली खडूने लिहायला मोकळी जागा, असा नमुना पाठवला. एचआरचा उलट फोन आला: छान आहे मॅडम, पण यातलं ‘निरंतर’ कुठे गेलं?